डायल-अप जोडणी लागत नसेल तर दोष कोठे आणि कसा शोधावा

डायल-अप जोडणी, म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरून नंबर फिरवून घेतलेले इंटरनेट, हे एकच काम वाटते, पण प्रत्यक्षात ती एकामागून एक येणाऱ्या सात-आठ पायऱ्यांची साखळी असते. संगणक मोडेमला, म्हणजे संगणकाची माहिती टेलिफोनवरच्या सुरांत बदलणाऱ्या उपकरणाला, जागे करतो. मोडेम टेलिफोनची लाइन उचलून डायल टोन ऐकतो. मग नंबर फिरवतो. पलीकडचा मोडेम फोन उचलतो. दोन्ही मोडेम लाइनची प्रकृती पाहून वेग ठरवतात. नाव आणि पासवर्ड तपासले जातात. संगणकाला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील त्याचा आकडी पत्ता, मिळतो. आणि सर्वांत शेवटी ब्राउझर एखाद्या संकेतस्थळाचे पान मागवतो. यांपैकी कोणत्याही पायरीवर गाडी अडली तरी वापरणाऱ्याला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे ‘इंटरनेट लागत नाही’. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी साखळी कोणत्या कडीवर तुटते ते ठरवावे आणि तेवढ्याच कडीवर काम करावे. विंडोज पुन्हा टाकणे किंवा मोडेम काढून नवा बसवणे हे उपाय अनेक जण सर्वांत आधी करतात. माझ्या मते ते सर्वांत शेवटी यायला हवेत, कारण त्यांच्यामुळे नीट चाललेल्या चार गोष्टीही जागच्या हलतात. एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत लिहावा, आणि उपयोग झाला नाही तर आधीची सेटिंग परत आणून मगच पुढे जावे.

सर्वांत पहिली तपासणी संगणकाला स्पर्शही न करता होते. साध्या टेलिफोनवरून सेवा पुरवणाऱ्याचा डायल-अप नंबर लावावा. दोन-तीन रिंगनंतर पलीकडून तीक्ष्ण, लांबलचक शिट्टी ऐकू आली तर नंबर चालू आहे आणि तिकडचा मोडेम जिवंत आहे. नुसतीच रिंग वाजत राहिली, किंवा नंबर अस्तित्वात नसल्याची सूचना आली, तर घरातील संगणकात शोधण्यासारखे काही नाही. अशा सेवा एकेक करून बंद होत आहेत. अमेरिकेतील एओएलसारख्या मोठ्या कंपनीनेही आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी थांबवली. त्यामुळे जुना नंबर अजून चालतो असे गृहीत धरू नये.

कानाने निदान

मोडेमचा आवाज पुष्कळ जण बंद करून ठेवतात. बिघाड शोधताना तो अवश्य चालू करावा, कारण त्याच्याइतके स्पष्ट उत्तर पडद्यावरचा कोणताही संदेश देत नाही. विंडोज ९८ मध्ये कंट्रोल पॅनेलमधील ‘मोडेम्स’ येथे, आणि विंडोज एक्सपीमध्ये ‘फोन अँड मोडेम ऑप्शन्स’ येथे मोडेमच्या गुणधर्मांत स्पीकरचा आवाज वाढवण्याची पट्टी असते. जोडणी सुरू केल्यावर प्रथम डायल टोनची संथ गुणगुण ऐकू यावी, मग आकड्यांचे भराभर सूर, मग रिंग, आणि मग पलीकडून २१०० हर्ट्झची स्थिर शिट्टी. लाइनवरील प्रतिध्वनी दडपणारी यंत्रणा बाजूला करण्यासाठी ही शिट्टी असते. त्यानंतर किलबिल, ठोके आणि शेवटी पाण्याच्या धारेसारखी सळसळ येते, आणि सळसळ एकाएकी थांबून शांतता पसरते. ही शांतता म्हणजे जोडणी तुटली असे काही जण समजतात, पण बहुतेक मोडेम वाहक लहर, म्हणजे माहिती वाहून नेणारा पलीकडचा सूर, सापडताच स्पीकर आपोआप बंद करतात, म्हणून येथपर्यंतचे काम पूर्ण झाल्याची ती खूण आहे.

आता आवाज कोठे थांबतो ते पाहावे. काहीच ऐकू आले नाही तर दोष मोडेम, ड्रायव्हर (मोडेम चालवणारा प्रोग्राम) किंवा वायरचा. डायल टोन ऐकू येतो पण आकडे लागत नाहीत, तर मोडेमला तो टोन ओळखता येत नाही. रिंग जाते पण किलबिल पुन्हा पुन्हा होऊन फोन बंद होतो, तर लाइन खराब आहे किंवा दोन मोडेमचे जमत नाही. शांतता झाल्यावर ‘नाव आणि पासवर्ड तपासत आहे’ या संदेशावर गाडी अडली, तर तारा आणि मोडेम यांच्याकडे पाहण्याची गरज उरलेली नाही.

लाइन आणि वायर

माझ्या अनुभवात सर्वाधिक बिघाड याच भागात निघतात, म्हणून येथे वेळ देणे सार्थकी लागते. मोडेमच्या मागे बहुधा दोन सारखेच जॅक असतात. एकावर ‘लाइन’ तर दुसऱ्यावर ‘फोन’ लिहिलेले असते किंवा छोटे चित्र असते. भिंतीतून येणारी वायर ‘लाइन’मध्येच हवी. सफाई करताना ती ‘फोन’मध्ये बसवली गेली तर काही मोडेम डायल टोनसुद्धा ऐकू शकत नाहीत.

त्यानंतर भिंत आणि मोडेम यांच्यामध्ये जे जे काही आहे ते सर्व काढून टाकावे: दुभाजक, विजेच्या झटक्यापासून संरक्षण देणारी पट्टी, उत्तरयंत्र, समांतर जोडलेले फोन, लांबलचक वाढीव वायर. एकच छोटी, धड दिसणारी वायर भिंतीपासून थेट मोडेमपर्यंत आणावी आणि प्रयत्न करावा. जोडणी लागली तर काढलेल्या वस्तू एकेक करून परत लावाव्यात. जिच्यामुळे पुन्हा बिघडेल ती दोषी. त्याच लाइनवर एडीएसएल (टेलिफोनच्या तारेवरून येणारी ब्रॉडबँड) सेवा असेल, तर मोडेमच्या आधी फिल्टर लावणे आवश्यक आहे, नाहीतर तिचे उच्च वारंवारतेचे संदेश डायल-अपमध्ये खरखर म्हणून उतरतात.

लाइनची शुद्धता तपासण्याची सोपी रीत अशी. साधा, वायरचा फोन मोडेमच्या जागी लावावा, रिसीव्हर उचलून कोणताही एक अंक दाबावा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि पुढचे काही सेकंद लक्षपूर्वक ऐकावे. चांगल्या लाइनवर जवळजवळ पूर्ण शांतता असते. कढईत तेल तडतडावे तसा आवाज सैल किंवा गंजलेल्या सांध्याचा असतो; सलग घुमणारी गुणगुण बहुधा विजेच्या तारेशेजारून जाणाऱ्या टेलिफोन वायरची असते; आणि दुसऱ्या कोणाचे बोलणे पुसटसे ऐकू आले तर केबलमधील जोड्यांचे आवरण खराब झालेले असते.

माझ्या घरी काही आठवडे असे होत होते की पाऊस पडून गेला की जोडणी दर दहा-पंधरा मिनिटांनी तुटे, आणि दोन कोरडे दिवस गेले की ठीक चाले. मी ड्रायव्हर तीनदा बदलले. शेवटी वर सांगितल्याप्रमाणे रिसीव्हर कानाला लावला तेव्हा तडतड स्पष्ट ऐकू आली. भिंतीवरची डबी उघडली, तर दोनपैकी एका स्क्रूखाली तांब्याच्या तारेवर हिरवट, पिठासारखा थर जमला होता. बोटाने हलवली तर तार स्क्रूखालून निसटत होती. तेवढा तुकडा कापला, आवरण सोलून नवे चकचकीत तांबे बाहेर काढले, स्क्रू घासून तार नीट आवळली. आधी सेकंदाला जेमतेम २६,४०० बिट वेगाने लागणारी जोडणी त्या संध्याकाळी ४५,३३३ वर लागली आणि पुढच्या पावसातही टिकली.

ही डबी उघडताना दोन गोष्टी पाळाव्यात. रिसीव्हर ठेवलेल्या अवस्थेत लाइनवर सुमारे ४८ व्होल्टचा सरळ प्रवाह असतो, आणि रिंग वाजते तेव्हा सुमारे ९० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह येतो, जो ओल्या बोटांना चांगलाच झटका देतो. म्हणून घरातील दुसऱ्या फोनचा रिसीव्हर उचलून बाजूला ठेवावा म्हणजे रिंग येणार नाही. आणि आकाशात विजा चमकत असताना या वायरला हात लावू नये; त्या वेळी मोडेमची वायरही भिंतीतून काढून ठेवावी, कारण विजेच्या बाजूइतकाच टेलिफोनच्या बाजूनेही मोडेम जळतो.

मोडेम आणि संगणक यांचे बोलणे

लाइन शुद्ध आहे आणि तरीही आवाजच येत नसेल, तर संगणकाला मोडेम दिसतो का हे विचारावे. विंडोज ९८ मध्ये ‘मोडेम्स’मधील ‘डायग्नोस्टिक्स’ या भागात पोर्ट निवडून ‘मोअर इन्फो’ दाबावे. एक्सपीमध्ये मोडेमच्या गुणधर्मांतील ‘क्वेरी मोडेम’ हे बटण तेच काम करते. मोडेमने काही ओळी परत पाठवल्या तर दोघांचे बोलणे चालू आहे. हायपर टर्मिनल हा मोडेमला थेट आदेश देण्याचा प्रोग्राम उघडून रोमन अक्षरांत ‘एटी’ टाइप करून एंटर दाबले तरी चालते. उत्तरादाखल ‘ओके’ आले पाहिजे. हा आदेशसंच हेज कंपनीने १९८१ मध्ये आपल्या स्मार्टमोडेमसाठी आणला आणि पुढे सर्वांनीच स्वीकारला, त्यामुळे तो जवळजवळ प्रत्येक मोडेमला कळतो. मोडेममध्ये काही विचित्र सेटिंग शिल्लक राहिली असल्याची शंका असेल, तर ‘एटी’नंतर अँडचे चिन्ह (&) आणि ‘एफ’ लिहून त्याला कारखान्यातील मूळ स्थितीत आणता येते.

उत्तर येत नसेल तर जुन्या संगणकात पोर्टांची टक्कर हे नेहमीचे कारण असते. कॉम १ आणि कॉम ३ हे दोन्ही सीरियल पोर्ट प्रथेप्रमाणे आयआरक्यू ४ (प्रोसेसरचे लक्ष वेधण्याची एक ओळ) वापरतात, तर कॉम २ आणि कॉम ४ हे आयआरक्यू ३. माउस कॉम १ वर आणि आतील मोडेम कॉम ३ वर असेल, तर मोडेमने नंबर फिरवायला सुरुवात करताच माउस थिजतो, किंवा माउस हलवताच जोडणी तुटते. हे लक्षण दिसले की दुसरे कारण शोधत बसू नये. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन वापरात नसलेले कॉम २ पोर्ट बंद करावे आणि मोडेमला कॉम २ द्यावे. जुन्या आयएसए प्रकारच्या कार्डावर त्यासाठी जंपर (पिनांवरच्या छोट्या टोप्या) हलवावे लागतात.

बाहेरचा मोडेम असेल तर सीरियल पोर्टातील यूएआर्ट, म्हणजे माहितीची देवघेव सांभाळणारी, चिपही पाहावी. ८२५० आणि १६४५० या जुन्या चिपांना एकाच बाइटचा साठा असतो, त्यामुळे वेग वाढला की अक्षरे सांडतात. १६५५०ए मध्ये १६ बाइटचा साठा असतो आणि ५६ के (सेकंदाला ५६,००० बिट) मोडेमला तोच योग्य. वरच्या डायग्नोस्टिक्सच्या उत्तरात चिपचे नाव दिसते. चिप योग्य असूनही माहिती सांडत असेल तर पोर्टाच्या प्रगत सेटिंगमध्ये फिफो (हाच साठा) चालू असल्याची खात्री करावी आणि आवक साठ्याची पट्टी एक घर खाली आणावी.

आतील पीसीआय मोडेम बहुधा विनमोडेम प्रकारचे असतात; त्यांचे बरेचसे गणित संगणकाच्या प्रोसेसरला करावे लागते. त्यांना नेमका स्वतःच्याच चिपसाठी बनवलेला ड्रायव्हर लागतो, डॉसमध्ये ते चालत नाहीत, आणि प्रोसेसर दुसऱ्या जड कामात गुंतला की जोडणी डळमळते. पर्याय असेल तर जुन्या संगणकासाठी सीरियल पोर्टावरचा बाहेरचा मोडेमच घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. त्याचे दिवे पाहून अर्धे निदान होते.

टोन आहे, पण ‘डायल टोन नाही’ असा संदेश येतो

विंडोजमधील ६८० क्रमांकाचा हा संदेश दर वेळी खरा नसतो. अनेक देशांतील डायल टोन वेगवेगळ्या सुरांचे असतात, त्यामुळे मोडेमच्या सेटिंगमध्ये देश चुकीचा असेल तर त्याला समोरचा टोन ओळखीचा वाटत नाही. टेलिफोन सेवेत व्हॉइसमेल असेल आणि न ऐकलेला निरोप पडून असेल, तर टोन तुटक येतो आणि तोही मोडेमला पटत नाही. दोन्ही वेळी ‘डायल करण्यापूर्वी टोनची वाट पाहावी’ या पर्यायावरील खूण काढावी, किंवा जादा आदेशांच्या चौकटीत ‘एक्स३’ घालावे. बाहेरची लाइन मिळवण्यासाठी आधी ० किंवा ९ दाबावे लागत असेल, तर त्या अंकानंतर स्वल्पविराम द्यावा; प्रत्येक स्वल्पविरामाला मोडेम सहसा दोन सेकंद थांबतो.

किलबिल होते, पण जोड जमत नाही

५६ के वेगासाठीचे व्ही.९० हे प्रमाण १९९८ मध्ये आले, आणि त्याची एक कडक अट आहे: आपला मोडेम आणि सेवा पुरवणाऱ्याची यंत्रणा यांच्यामध्ये अॅनालॉग ते डिजिटल असे रूपांतर एकदाच व्हावे. वाटेत दुसरे रूपांतर आले की ही पद्धत चालत नाही आणि मोडेम ३३,६०० पर्यंतच्या व्ही.३४ वर उतरतो. कोणती पद्धत चालली ते जोडणीच्या आकड्यावरूनच कळते. व्ही.९० चे वेग सुमारे १,३३३ च्या टप्प्यांनी चढतात, म्हणून ४४,०००, ४६,६६७, ४९,३३३ असे आकडे दिसतात, व्ही.३४ चे टप्पे २,४०० चे असतात, म्हणून २६,४००, २८,८००, ३१,२०० असे आकडे येतात.

दोन मोडेम वेगाच्या वाटाघाटीतच अडकत असतील तर आपणच मर्यादा घालून द्यावी. मोडेमच्या पुस्तिकेतील आदेश वापरून व्ही.९० बंद करून फक्त व्ही.३४ ठेवावे, आदेश चिपनुसार बदलतो, म्हणून दुसऱ्या मोडेमचा आदेश जसाच्या तसा उचलू नये. ५०,००० च्या वरचा आकडा दिसून पाच मिनिटांत तुटणाऱ्या जोडणीपेक्षा रात्रभर टिकणारी ३१,२०० ची जोडणी कितीतरी उपयोगी. टेलिफोनची लाइनच आता ब्रॉडबँडवरून येत असेल, तर आवाज दाबून पाठवणाऱ्या पद्धतीत मोडेमचे सूर विस्कटतात. त्या उपकरणात जी.७११ हे न दाबलेले स्वरूप निवडावे आणि वेग मुद्दाम कमी ठेवावा.

नाव, पासवर्ड आणि आयपी पत्ता

६९१ हा संदेश आला तर प्रथम कॅप्स लॉक पाहावा, आणि वापरकर्त्याच्या नावापुढे सेवेचे नाव जोडायचे आहे का ते तपासावे. जतन केलेला पासवर्ड पुसून नव्याने टाइप करावा. ठिपक्यांआड काय साठले आहे ते दिसत नसते. ७१८ म्हणजे पलीकडून उत्तर यायला फार वेळ लागला, तर ७२० म्हणजे दोन्ही बाजूंना एकही समान प्रोटोकॉल (बोलण्याची नियमावली) सापडला नाही. विंडोज ९८ मध्ये जोडणीच्या गुणधर्मांत ‘सर्व्हर टाइप्स’ उघडून फक्त टीसीपी/आयपी या इंटरनेटच्या प्रोटोकॉलवर खूण ठेवावी. नेटबुई, आयपीएक्स हे इतर प्रोटोकॉल आणि ‘लॉग ऑन टू नेटवर्क’ यांवरील खुणा काढाव्यात. पासवर्ड तपासताना होणारा निरर्थक विलंब बहुतेक वेळा एवढ्यानेच जातो.

जोडणी आहे, पण पान उघडत नाही

येथे क्रमाने पिंग करावे, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक देऊन उत्तर येते का ते पाहावे. आधी १२७.०.०.१ या संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्याला; उत्तर आले नाही तर संगणकातील टीसीपी/आयपीच बिघडले आहे, ते काढून पुन्हा बसवावे. मग विंडोज ९८ मध्ये विनआयपीसीएफजी आणि एक्सपीमध्ये आयपीकॉन्फिग चालवून पत्ता मिळाला आहे ना ते पाहावे. मग बाहेरचा एखादा आकडी पत्ता, उदाहरणार्थ ८.८.८.८, आणि शेवटी एखादे नाव. आकड्याला उत्तर मिळते पण नावाला मिळत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. बहुधा तिचा पत्ता आपोआप मिळण्याऐवजी कोणीतरी हाताने जुना आकडा भरून ठेवलेला असतो. दोन्हींना उत्तर मिळूनही ब्राउझर रिकामा राहिला, तर त्यात राहून गेलेली प्रॉक्सीची (मधल्या संगणकामार्फत पाने मागवण्याची) सेटिंग काढावी.

आज मात्र आणखी एक कारण वाढले आहे, आणि त्याचा जोडणीशी संबंध नाही. बहुतेक संकेतस्थळे आता किमान टीएलएस (माहिती सुरक्षितपणे पाठवण्याची पद्धत) १.२ मागतात, प्रमुख ब्राउझरांनी १.० आणि १.१ यांचा आधार २०२० मध्ये काढून घेतला. एक्सपीतील मूळ इंटरनेट एक्सप्लोररला १.२ कळत नाही, त्यामुळे पाने उघडत नाहीत. तसेच मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली असेल तर प्रत्येक वेळी घड्याळ जुन्या वर्षात जाते आणि सुरक्षिततेची प्रमाणपत्रे अवैध ठरतात. बॅटरी बदलून तारीख नीट लावावी, आणि एन्क्रिप्शन नसलेले साधे पान उघडते का ते पाहावे. ते उघडले तर मोडेमला दोष देऊ नये.

मध्येच तुटणे आणि संथपणा

तुटण्याच्या वेळा वहीत टिपाव्यात. नेमक्या वीस किंवा तीस मिनिटांनी तुटत असेल तर ती निष्क्रियतेची मर्यादा आहे; जोडणीच्या गुणधर्मांत ती वाढवावी. अनियमित तुटत असेल तर कॉल वेटिंगचा संशय घ्यावा, कारण मध्ये येणारी टिकटिक मोडेमला वाहक लहर हरवल्यासारखी भासते. टेलिफोन कंपनीने दिलेला कॉल वेटिंग बंद करण्याचा संकेतांक नंबरच्या आधी स्वल्पविरामासह घालावा. ते शक्य नसेल तर ‘एस१०=५०’ हा आदेश जोडावा; त्यामुळे लहर हरवल्यावर मोडेम लगेच फोन न ठेवता पाच सेकंद थांबतो.

संथपणाची तक्रार करण्यापूर्वी दाखवला जाणारा आकडा खरा आहे का ते पाहावे. १,१५,२०० असा आकडा दिसला तर तो संगणक आणि मोडेम यांच्यामधला वेग आहे, लाइनचा नव्हे. ‘डब्ल्यू२’ हा आदेश जोडला की बहुतेक मोडेम लाइनचा वेग सांगू लागतात. अपेक्षाही गणिताने ठरवावी. एक मेगाबाइट म्हणजे सुमारे ८४ लाख बिट. ४४,००० च्या वेगाने त्याला तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागणारच, आणि त्यात काही बिघाड नाही. पण लहानसे पानही रेंगाळत असेल तर पडद्याच्या कोपऱ्यातील दोन छोट्या संगणकांच्या चिन्हाकडे पाहावे: आपण काहीही मागवलेले नसताना ते लुकलुकत असेल, तर विंडोजची स्वयंचलित अद्ययावत प्रणाली किंवा विषाणूरोधक प्रोग्राम मागच्या बाजूने मोठी फाइल ओढत आहे. ते काम रात्रीपुरते ठेवावे आणि ब्राउझरमध्ये चित्रे आपोआप उतरण्याचा पर्याय बंद करावा. मजकूर तेवढ्यानेच लवकर दिसू लागतो.